वज्रोली ते मॅनोमीटर

कुरवंड्याहून निघालं की नागफणीचा सुळका मागे पडतो, आयएनएस शिवाजीची हद्द संपते आणि बाजारपेठेचं लोणावळं सुरू होतं. तिथलं कैवल्यधाम आपल्याला ठाऊक असतं ते योगासनांसाठी. पण पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावरच्या संशोधनाचा माग काढत मागे गेलं, तर एक वाट या आवारातून जाते. ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मला ती सांगावीशी वाटते.

मूळ धागा जुना आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या हठप्रदीपिकेत मूलबंध आहे आणि वज्रोलीही आहे. मूलबंधात गुदद्वाराभोवतीचे स्नायू आकसून वर ओढायचे. वज्रोलीत मूत्रमार्गात नळी घालून आधी हवा फुंकायची, मग द्रव आत ओढायचा. बिंदू, म्हणजे वीर्य, राखलं तर आयुष्य राखलं, ही त्यामागची धारणा. विद्या गुरूकडून शिष्याला कानात मिळायची. धारणा मात्र घरोघर पोचली आणि तिची भीती झाली. लघवीवाटे धातू जातो या भीतीने खंगत चाललेल्या तरुणांच्या या दुखण्याला १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ न. ना. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. वैद्यकाच्या नोंदीत तो तरुण आला, पण ‘गुप्तरोगा’च्या जाहिरातींनी रंगलेल्या भिंतींनी त्याला त्याच्या कितीतरी आधी हेरलं होतं.

या धाग्याला वेगळं वळण दिलं जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी. जन्म १८८३. व्यायामाचे धडे बडोद्याच्या माणिकरावांकडे, योगाचे मालसरच्या परमहंस माधवदासांकडे. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक काढलं. योगाचे अनुभव आकड्यांसह, क्ष-किरण चित्रांसह छापायचे, म्हणजे शंका असेल त्याने स्वतः तपासून पाहावं, असा तो खाक्या होता.

त्यातला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. बस्ती या शुद्धिक्रियेत साधक पाण्यात उकिडवा बसतो, गुदद्वारात नळी असते, नौली ही पोटाच्या स्नायूंची क्रिया केली की पाणी आपोआप वर चढतं. का चढतं? कुवलयानंदांनी आतड्यातला दाब पाऱ्याच्या मॅनोमीटरवर मोजला. साधकाने श्वास बाहेर सोडून, पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढले की पारा दाखवी, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला आहे. पाणी त्या पोकळीत शिरतं. या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. चमत्काराचा निकाल लागला, तरी गुरूचा मान राहिला. मला ही जागा फार मोलाची वाटते.

मूत्राशयही त्याच पोटात आहे. म्हणून वज्रोलीचं कोडंही इथूनच उलगडतं. नळी मूत्राशयापर्यंत गेली की मूत्रमार्गाची झडप उघडी राहते आणि पोटातली पोकळी द्रव खेचते. नळीवाचून तो वर ओढणं शक्य नाही, हे योगाचे अभ्यासक जेम्स मॅलिन्सन यांनी २०१८ मध्ये छापलेल्या निबंधात मांडलं. म्हणजे संभोगात वीर्य परत ओढून घेण्याच्या कथांना शरीरात जागाच नाही. कुणी घरी नळी घालण्याच्या फंदात पडू नये. जंतुसंसर्ग होतो, मूत्रमार्गाला इजा झाली तर तो आकसतो आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते.

कुवलयानंदांच्याच काळात मुंबईत त्यांच्याहून एका वर्षाने मोठे रघुनाथ धोंडो कर्वे लैंगिक आरोग्याचा विषय मराठीत उघड छापत होते. १९२७ मध्ये सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. हस्तमैथुनासारख्या विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. लोणावळ्यात इंग्रजीतून आणि योगाच्या नावाने जे चाललं, ते मुंबईत साध्या मराठीत लिहिल्यावर गुन्हा ठरलं.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १९४८ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी बाळंतपणानंतर सैल पडलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी व्यायाम छापला, दाब मोजायला पेरिनिओमीटर केला. ते हठयोगाच्या वाटेने आले नव्हते, पण स्नायू तेच होते. पुरुषांवर या व्यायामाची चाचणी व्हायला बराच काळ गेला. २००५ मध्ये ग्रेस डोरी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये लिंगताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांवरचा या व्यायामाचा अभ्यास ‘बीजेयू इंटरनॅशनल’मध्ये छापला. सहा महिन्यांनी ४० टक्के पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली होती, ३५.५ टक्क्यांची सुधारली होती, उरलेल्यांना फरक पडला नव्हता.

व्यायाम असा: लघवी मध्येच थांबवायला जे स्नायू आवळतात ते ओळखायचे, मग लघवी करत नसताना काही सेकंद आवळून सोडायचे. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. तक्रार असेल तर आधी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचं, कारण ताठरतेच्या तक्रारीमागे मधुमेह किंवा हृदयविकारही असू शकतो.