करकोच्याचा नेमिलेला काळ

यिर्मया संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात लोकांची कानउघाडणी करताना पक्ष्यांचा दाखला दिला आहे. करकोच्याला आपल्या ऋतूची जाण असते, पाकोळी परतण्याची वेळ चुकवीत नाही. परमेश्वराच्या प्रजेला मात्र त्याच्या नियमांची ओळख उरलेली नाही, असा त्या वचनाचा आशय. त्यावर प्रवचन करताना आम्ही पूर्वी एक वाक्य हमखास जोडीत असू: पक्ष्याला ही वाट कोणी शिकवली, याचे उत्तर उत्क्रांतिवाद्यांपाशी नाही. एकदा मिस्सा आटोपल्यावर विज्ञान शाखेत शिकणाऱ्या, आमच्याच धर्मग्रामातील एका मुलीने विचारले, "फादर, आणि ते उत्तर उद्या सापडलं तर?" आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे या वादाचा इतिहास वाचीत गेलो तेव्हा ध्यानात आले की, आमच्या प्रवचनाच्या पुष्कळ आधीच त्या उत्तराचा मोठा भाग सापडलेला होता.

मुळात पक्षी हिवाळ्यात जातात कोठे, हेच माणसाला फार काळ नीट ठाऊक नव्हते. क्रौंच पक्षी सिथियातून ईजिप्तच्या दलदलीकडे जातात हे अ‍ॅरिस्टॉटलला माहीत होते. पण त्यानेच असेही लिहून ठेवले की काही पक्षी बिळांत दडून राहतात आणि थिरथिऱ्याचा हिवाळ्यात रॉबिन होतो. स्वीडनमधील उप्सालाचे महागुरू ओलाउस मॅग्नस यांनी १५५५ साली रोममध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पाकोळ्या हिवाळाभर पाण्याखाली राहतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडतात, असे सांगितले. आपल्या धर्मबंधूंची चूक झाकण्याचे कारण नाही. त्या काळी विद्वानांची मोठी रांग याच मताची होती.

हा घोळ मिटवण्यास एक करकोचा कारणी पडला. १८२२ साली उत्तर जर्मनीतील क्लुट्झ गावाजवळ मारलेल्या एका करकोच्याच्या मानेत लांबलचक भाल्यासारखा बाण आरपार रुतलेला आढळला. तो बाण आफ्रिकेतला होता. मानेत बाण घेऊन तो जीव समुद्र आणि पर्वत ओलांडून आपल्या घरट्याच्या मुलखात परतला होता. पेंढा भरलेला तो करकोचा आजही रोस्टॉक विद्यापीठात जपून ठेवलेला आहे.

कोठे जातात हे कळल्यावर 'का आणि कशाच्या बळावर' हा प्रश्न उरला. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात उपजत प्रेरणेसाठी एक संपूर्ण प्रकरण दिले; त्यात कोकिळा, मुंग्या आणि मधमाश्या आहेत. स्थलांतराविषयीचे त्याचे टिपण मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, रोमान्स या त्याच्या शिष्याच्या ग्रंथात छापले गेले. तोवर वॉलेसने १८७४ मध्ये आपला तर्क मांडला होता. अंडी घालण्याची आणि चारा मिळण्याची ठिकाणे हळूहळू एकमेकांपासून दूर गेली. जे पक्षी वेळेवर निघाले ते जगले, जे मागे राहिले ते नष्ट झाले. तर्क चांगला होता, पण पुराव्याविना होता.

विरोधी पक्षात आम्हाला भेटले ते फादर बर्नार्ड आल्टम. म्युन्स्टरचे हे कॅथलिक धर्मगुरू पुढे एबर्सवाल्डच्या वनविद्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६८ साली त्यांनी पक्ष्यांच्या जीवनावर एक ग्रंथ लिहिला. आल्फ्रेड ब्रेमसारखे लोकप्रिय लेखक पक्ष्यांना माणसांप्रमाणे प्रेम, विचार आणि मत्सर बहाल करीत. आल्टम यांना ते मुळीच मान्य नव्हते. पक्षी विचार करीत नाही, त्याच्याकडून घडवून घेतले जाते, हे त्यांचे म्हणणे. ती प्रेरणा निर्मात्याने त्याच्या ठायी घातलेली आहे; डार्विनचा सिद्धान्त त्यांनी स्वीकारला नाही. यावरून त्यांना कोणी जुनाट समजू नये. नर पक्षी गाऊन आपल्या हद्दीची द्वाही फिरवतो, हे त्यांनी इतरांच्या कितीतरी आधी ओळखले होते. १९३५ साली अर्न्स्ट मायर या डार्विनवादी शास्त्रज्ञानेच त्याचे श्रेय त्यांना दिले. पुढल्या पिढीतील येशूसंघीय फादर एरिख वासमान यांनी मुंग्यांच्या अभ्यासावरून कीटकांच्या जातींपुरती उत्क्रांती मान्य केली आणि १९०७ साली बर्लिनमध्ये भर सभेत विरोधकांशी वाद घातला.

निर्णय सभेत लागला नाही, तो पिंजऱ्यात लागला. १८९९ साली मॉर्टेन्सन या डॅनिश शिक्षकाने स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात अ‍ॅल्युमिनियमची खुणेची कडी अडकवली आणि पक्ष्यांचा माग काढण्याची शिस्तशीर पद्धत सुरू झाली. हॉलंडच्या पेर्डेकने हेगजवळ पकडलेले अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. १९५८ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुने जाणते पक्षी दिशा बदलून आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले होते. प्रथमच निघालेली पिले मात्र ठरलेल्या दिशेनेच उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये जाऊन पोचली. म्हणजे पिलांपाशी जन्मतः दिशा असते, मुक्कामाची ओळख अनुभवाने होते. 'पक्षी विचार करीत नाही' हे आल्टम यांचे म्हणणे पिलांच्या बाबतीत तरी खरे ठरले!

परंतु ही जन्मजात देणगी अचल नाही. जर्मनीतील रॅडॉल्फझेल येथे पीटर बेर्टहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या टोपीचा एक चिमुकला वटवट्या अभ्यासाला घेतला. स्थलांतराच्या दिवसांत हा पक्षी पिंजऱ्यातही रात्रभर तडफडतो. जर्मनीतील पक्ष्यांचा कॅनरी बेटांवरील पक्ष्यांशी संकर केला, तेव्हा संततीची तडफड दोहोंच्या मधली निघाली. हे १९८१ चे. काही पक्षी जातात आणि काही राहतात अशा वस्तीतील पक्षी निवडून वाढवले असता, अवघ्या काही पिढ्यांत जवळजवळ सगळेच जाणारे किंवा सगळेच राहणारे अशी दोन कुळे तयार झाली. आणि निसर्गातही तेच घडत होते. मध्य युरोपातून स्पेनकडे जाणाऱ्या या वटवट्यांपैकी काही १९६० नंतर वाढत्या संख्येने इंग्लंडमध्ये हिवाळा काढू लागले. तेथे घरोघरी बागेत पक्ष्यांना दाणापाणी ठेवतात. अशा पक्ष्यांची जर्मनीत पैदास केली, तेव्हा कधीही इंग्लंड न पाहिलेली पिले इंग्लंडच्याच दिशेला तोंड करून फडफडू लागली. १९९२ साली हे प्रसिद्ध झाले. वॉलेसच्या तर्काला असा माणसाच्या एका आयुष्यात पाहता येण्याजोगा पुरावा मिळाला.

याने सारे उलगडले असे आम्ही म्हणणार नाही. आहे त्या प्रेरणेत बदल होतो, हे सिद्ध झाले. ती प्रेरणा प्रथम कशी उपजली, ही फार जुनी कथा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा वेध पक्षी घेतात, हे फ्रँकफर्टच्या विल्ट्श्को यांनी १९६० च्या दशकात रॉबिनवर प्रयोग करून दाखवले. पण ती जाण डोळ्यात असते की अन्यत्र, यावर अजून वाद चालू आहे. मात्र अशा प्रत्येक अज्ञात जागी देवाला नेऊन बसवण्याचा मोह आम्हाला झाला होता, आणि तोच आमचा दोष.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा पाचवा मार्ग घोकला होता: बाणाला लक्ष्य ठाऊक नसते, ते धनुर्धाऱ्याला ठाऊक असते. पण त्याच संताने अ‍ॅरिस्टॉटलवरील भाष्यात दुसरीही एक उपमा दिली आहे, ती आम्ही विसरलो होतो. जहाज बांधणाऱ्याने लाकडातच असा गुण घालावा की ते आपणहून जहाजाचा आकार घेईल, निसर्ग म्हणजे तसे काहीसे आहे. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयीच्या संशोधनाला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडूनच, हे बजावून. उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ तर्क राहिलेला नाही, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली परमगुरूंच्या विज्ञान अकादमीला कळवले. एका वटवट्याच्या दिशाबदलाने ख्रिस्तसभेने घाबरावे असे यात काही नाही. घाबरायला हवे होते ते, जिने आमच्या त्या वाक्यावर श्रद्धा टेकवली असती त्या मुलीने.

तिला आम्ही हे सारे सांगितले, फार उशिराने. यिर्मयाच्या त्या वचनावर आम्ही अजूनही प्रवचन करतो. ते जोडवाक्य त्यात नसते.