दारिद्र्यरेषेची कुळकथा

दोन देशांची धोरणे ताडून पाहताना संशोधक जागतिक बँकेचे आकडे प्रमाण मानून चालतो. पण बँकेच्या दारिद्र्यरेषेचा इतिहास चाळला, तर तिची मुळे देशोदेशीच्या पाहण्यांत सापडतात. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे रोज २,२५० उष्मांक पुरवील असा खर्च काढला: १९६०-६१ च्या किमतींनी माणशी महिना खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलानेही उष्मांकांवरच रेषा आखली. खेड्यासाठी २,४००, शहरासाठी २,१००. पुढे १९९० च्या जागतिक विकास अहवालाने गरीब देशांच्या रेषा एकत्र मांडून, १९८५ च्या क्रयशक्तीनुसार (म्हणजे देशोदेशीच्या किमती एका मापात आणून) वर्षाला २७५ ते ३७० डॉलरांचा पट्टा ठरवला. त्याची खालची कड भारतात रूढ असलेल्या रेषेशी जुळत होती आणि वरच्या कडेतून ‘दिवसाला एक डॉलर’ जन्मला.

हे माप स्थिर राहिले नाही. २००५ च्या किमतींची नवी पाहणी हाती आल्यावर २००८ मध्ये रेषा सव्वा डॉलर झाली आणि जगातील गरिबांची संख्या सुमारे ४० कोटींनी वाढून १४० कोटींवर गेली. माणसे रातोरात गरीब झाली नव्हती; गरीब देशांतील किमतींचा आधीचा अंदाज कमी पडला होता. २०२५ मध्ये रेषा २.१५ डॉलरवरून ३ डॉलरांवर गेली, तेव्हाही गरिबांचा आकडा असाच वाढला. भारताच्या २०२२-२३ च्या एकाच पाहणीतून जुन्या २.१५ डॉलरच्या रेषेने २.३ टक्के गरीब निघतात, नव्या रेषेने ५.३ टक्के.

मग हे आकडे टाकून देऊन प्रत्येक देशाची स्वतःची रेषाच का वापरू नये? कारण त्या रेषा वेगवेगळ्या राहणीमानाच्या आहेत. त्यांवरून देशांची तुलना करणे अधिकच फसवे. तत्त्वज्ञ थॉमस पोगे आणि अर्थशास्त्रज्ञ संजय रेड्डी यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे: क्रयशक्तीचा हिशेब देशातल्या साऱ्या खरेदीवर बेतलेला असतो, गरिबाच्या धान्यावर नाही. तो मान्य केला की आकड्याची मर्यादा कळते. रेशनमुळे कोणत्या जिल्ह्यात पोट भरले, हे त्याला विचारू नये; एकाच किंमतवर्षाच्या (ज्या वर्षाच्या किमती धरल्या, त्या वर्षाच्या) मापाने दोन देश दशकात कुठवर आले, हे विचारता येते. म्हणून किंमतवर्ष आणि पाहणीची पद्धत न सांगता केलेल्या तुलनेवर धोरण बेतणे धोक्याचे आहे.