आठ खाचांचा संगणक

मंडळी, आज एका झाकणापासून सुरुवात करू. १९७७ साली बाजारात आलेल्या ॲपल टूचं झाकण नुसत्या हातानं निघायचं. आत मागच्या बाजूला ओळीनं आठ खाचा, म्हणजे स्लॉट. क्रमांक शून्य ते सात. स्टीव्ह जॉब्ज यांच्या मते दोन पुरे होत्या, एक प्रिंटरला, एक मोडेमला. स्टीव्ह वॉझ्नियॅक आठांवर अडून बसले. त्या हट्टानं काय साधलं?

एक ते सात या प्रत्येक खाचेला मेमरीत २५६ बाइटांची राखीव जागा होती. कार्डावरच्या रॉममधला प्रोग्रॅम तिथेच दिसायचा. म्हणून 'पीआर#६' टाइप केलं की सहाव्या खाचेतली डिस्क फिरू लागे. पहिलीत प्रिंटर, तिसरीत ऐंशी अक्षरी ओळीचं कार्ड, सहावीत डिस्क, असा रिवाजच पडला. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टनं झेड८० प्रोसेसर असलेलं सॉफ्टकार्ड आणलं आणि याच यंत्रावर सीपी/एम चालू लागलं. एका कार्डानं जणू दुसराच संगणक आत आला!

आता समजा, आपल्या हाती नाव नसलेलं कार्ड आलं. ओळखायचं कसं? आधी चिपा वाचा. झेड८० दिसला तर दिशा मिळालीच. एकसारख्या रॅम चिपांची रांग असेल तर बहुधा मेमरी. चिपेवर ८२१४ असेल तर ती १९८२च्या चौदाव्या आठवड्यातली. पण एकाच चिपेवर विसंबू नका. ती मागाहून बदललेली असू शकते. दोन-चार तारखा ताडून पाहा. मग वीज बंद करून, हो, बंद करूनच, कार्ड बसवा आणि रॉममधले बाइट वाचा. डिस्क कार्डाच्या ठरावीक बाइटांत ठरावीक आकडे असतात. ॲपल टू प्लससुद्धा सुरू होताना सातव्या खाचेपासून खाली तीच खूण शोधत येतो.

हे आज जमतं, कारण ॲपलनं माहितीपुस्तिकेत मंडलाची आकृतीही छापली होती. १९८४च्या मॅकिंटॉशला एकही खाच नव्हती. ॲपल टू ई मात्र १९९३पर्यंत विकला गेला. तेव्हा भंगारात असं कार्ड दिसलं तर टाकू नका. आपल्या लेखी तो कागदपत्राइतकाच पुरावा आहे, आणि तो अजून वाचता येतो.