दुसरा मंच

चांद्रमोहिमांच्या इतिहासात प्रक्षेपणमंचाच्या वाट्याला बहुधा तळटीपच येते. कथनमीमांसा शिकवताना आम्ही नायक, प्रवास, संकट, परतणे यांवर तासन्‌तास बोलतो. प्रवास नेमका कोठून सुरू झाला आणि तेथूनच का, हे विचारायचे राहून जाते. अपोलोच्या बाबतीत ते विचारण्याजोगे आहे.

सॅटर्न-५ अग्निबाणाने माणसांना घेऊन दहा वेळा उड्डाण केले. त्यांपैकी नऊ उड्डाणे फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-ए मंचावरून झाली. अपोलो-१० चे तेवढे ३९-बी वरून. स्टॅफर्ड, यंग आणि सर्नन यांची ही मोहीम म्हणजे चांद्रावतरणाची रंगीत तालीम. साहजिकच, ‘तालमीला दुय्यम मंच, प्रयोगाला मुख्य’ असा अर्थ लावण्याचा मोह आम्हा साहित्यवाल्यांना होतो. पण ही वाटणी मानाची नव्हती, दिनदर्शिकेची होती.

दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवायचा, हे केनेडींनी १९६१ मध्ये जाहीर केले होते. जानेवारी १९६७ मध्ये ३४ क्रमांकाच्या मंचावर सरावादरम्यान लागलेल्या आगीत ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी यांचा अंत झाला. पहिले समानव उड्डाण ऑक्टोबर १९६८ पर्यंत लांबले. हाती उरले जेमतेम चौदा-पंधरा महिने.

अग्निबाण भव्य इमारतीत उभाच जोडायचा आणि क्रॉलर नावाच्या अजस्र वाहनावरून संथ गतीने मंचावर न्यायचा, अशी पद्धत होती. मंचावरच्या चाचण्यांना कित्येक आठवडे लागत. उड्डाणानंतर ज्वाळांनी होरपळलेल्या मंचाची डागडुजी वेगळीच. अपोलो-९ ने ३ जानेवारी ते ३ मार्च १९६९ असे दोन महिने ‘ए’ अडवून ठेवला. त्यानंतर आठच दिवसांनी, ११ मार्चला, अपोलो-१० ‘बी’कडे निघाले. ते १८ मे रोजी उडाले आणि २० मे रोजी अपोलो-११ ‘ए’कडे रवाना झाले. एकाच मंचावर हे साधणे अशक्यच होते. आर्मस्ट्राँग ‘ए’वरून गेले, कारण तेव्हा पाळी ‘ए’ची होती!

दुसऱ्या मंचामागे भयही होते. इंधनाने भरलेला अग्निबाण मंचावरच फुटला तर? म्हणून दोहोंत अडीच किलोमीटरांहून अधिक अंतर राखले होते. दुर्घटनेतून एक तरी वाचावा, हा हिशेब. वीरगाथांत तो क्वचितच येतो.

जुलै १९६९ नंतर घाई सरली. मोहिमांमधले अंतर वाढले आणि ‘ए’ एकटाच पुरू लागला. १९७३ मध्ये स्कायलॅबचे अंतराळवीर ‘बी’वरून गेले, तेही छोट्या सॅटर्न-१बी अग्निबाणाने. सॅटर्न-५ साठी बांधलेल्या मनोऱ्याशी त्याची उंची जुळावी म्हणून तो ३९ मीटर उंच चौथऱ्यावर उभा केला जाई. तेथले लोक त्या चौथऱ्याला दूध काढताना बसायचे स्टूल म्हणत.