सीमाभागातली संगणकाची पुस्तकं

बिदरचा मदरसा महमूद गावानने १४७२ मध्ये बांधला. बहमनींचा हा इराणी वजीर स्वतः विद्वान होता. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती, असं सांगतात. १६९६ मध्ये तिथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. बाहेरगावचा पाहुणा आला की मी त्याला तिथला मिनार आवर्जून दाखवतो. या मातीतली विद्येची ओढ किती जुनी आहे, ते तिथे कळतं.

आमच्या पिढीला ती ओढ संगणकाकडे घेऊन गेली. मी भालकीचा. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आलो, पण भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या मराठी शाळा टिकून राहिल्या. गुलबर्ग्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १९५८ चं, बिदरचं गुरू नानक देव कॉलेज १९८० चं. मराठी शाळेतून तिथे गेलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. लॅबमध्ये पाळी लागायची, सर घाईत असायचे. शंका विचारायची ती पुस्तकालाच. पुस्तक आणायला बिदरहून हैदराबाद गाठायचं आणि तिथल्या कोटी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धुंडाळायचं.

तिथे हमखास मिळणारं नाव म्हणजे व्ही. राजारामन. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० संगणक आला आणि तिथे शिकवताना त्यांनी १९६९ मध्ये प्रोग्रॅमिंगचं पाठ्यपुस्तक लिहिलं. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. भारतीय विद्यार्थ्याच्या खिशाचा विचार करून सोप्या इंग्रजीत लिहिणारा असा प्राध्यापक मिळणं, हे आमच्यासारख्यांचं भाग्यच.

दुसरं पुस्तक कर्निघन आणि रिची यांचं ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’. पहिली आवृत्ती १९७८ ची, दुसरी १९८८ ची. पानं तीनशेच्याही आत. पाचव्या प्रकरणात अक्षरांची एक ओळ एका जागेवरून दुसरीकडे उतरवायचं छोटं काम आहे. लेखक ते आधी अ‍ॅरेने करून दाखवतात, मग पॉइंटरने, मग तेच आणखी आटोपशीर, आणि शेवटी सगळं काम एका ओळीत बसवतात. पुढे मीही शिकवू लागलो, तेव्हा या चारही पायऱ्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचो. चौथ्या पायरीवर मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. प्रोग्रॅम कसा घासूनपुसून लखलखीत करायचा, हे इतक्या थोडक्यात शिकवणारं दुसरं पान माझ्या पाहण्यात नाही.

तिसरं, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. कर्निघन-रिचींचं पुस्तक नवख्याला जड जातं. कानेटकर प्रत्येक पायरीला थांबतात, उदाहरण देतात, चूक कुठे होईल ते आधीच सांगतात. मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी मुलांचा धीर या पुस्तकाने टिकवला. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी कानेटकर, मग कर्निघन-रिची. पाया पक्का झाला की कॉर्मेन, लायझरसन आणि रिव्हेस्ट यांचं १९९० चं अल्गोरिदमवरचं पुस्तक. आणि यंत्राच्या आत डोकावायचं असेल तर टॅननबाउम यांचं ऑपरेटिंग सिस्टिमवरचं. मिनिक्स ही छोटी प्रणाली त्यांनी शिकवण्यासाठीच रचली, आणि ती अभ्यासूनच लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सला हात घातला.

परीक्षेच्या तोंडावर गाइड घेऊन पास होता येतं, पण कामावर रुजू झाल्यावर ते अपुरं पडतं. तेव्हा यातलं एका वेळी एकच पुस्तक घ्या, पण प्रत्येक प्रकरणाखालचे प्रश्न हाताने सोडवा, प्रोग्रॅम चालवून बघा. आणि बिदर व गुलबर्गा या आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी ग्रंथालयात या पुस्तकांच्या भरपूर प्रती ठेवाव्यात, मुलांना त्या घरी नेऊ द्याव्यात. गावखेड्यातल्या मुलाच्या उशाशी चांगलं पुस्तक असलं, तर शहरातल्या मुलाच्या तोडीस तोड उभं राहायला त्याला वेळ लागत नाही.