गढूळ पाण्यातला लाल

१९३०च्या दशकात नेदरलंड्समधील लायडन विद्यापीठात निको टिनबर्गन स्टिकलबॅक नावाच्या बोटाएवढ्या काटेरी माशाचा अभ्यास करीत होते. विणीच्या हंगामात या माशातील नराचे पोट लालभडक होते. तोच रंग मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला डिवचतो. टिनबर्गन यांनी सांगितलेली एक आठवण पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली आहे: रस्त्यावरून टपालखात्याची लाल गाडी गेली की खिडकीजवळच्या टाक्यांतले नर तिच्या रोखाने धाव घेत. मासा दुसऱ्या माशाला पाहत नाही, खूण पाहतो, असा तिचा अर्थ लावला गेला. वर्तनविज्ञानाच्या पायाभरणीसाठी १९७३ साली टिनबर्गन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा ही गाडी दंतकथाच होऊन बसली होती.

या गोष्टीत एक घटक मात्र गृहीतच धरलेला आहे; तो म्हणजे खिडकीतून येणारा उजेड. रंग माशाच्या अंगावर असतो असे आपण म्हणतो. वस्तुतः अंगावर असते ती येणाऱ्या प्रकाशातील काही भाग परतवण्याची क्षमता. डार्विनने १८७१च्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये माशांच्या विणीच्या रंगांची दखल घेतली, पण त्याचा भर सजणारा नर आणि निवडणारी मादी यांच्यावर होता. त्यांच्या मधले पाणी हा पुढे फार काळ दुर्लक्षित राहिलेला विषय. १९९० साली मिलिन्स्की आणि बाकर यांनी स्टिकलबॅकच्या टाकीवर हिरवा प्रकाश सोडला, तेव्हा अधिक लाल नराची मादीला असलेली ओढ दिसेनाशी झाली. नर तेच होते, माद्याही त्याच होत्या. खूण तेवढी वाचता येत नव्हती. पुढे १९९२ साली जॉन एन्डलर यांनी संकेत, तो टिपणारे इंद्रिय आणि त्या ठिकाणचा प्रकाश ही तिन्ही एकमेकांना घडवतात, अशी मांडणी केली.

प्रयोगशाळेतल्या हिरव्या दिव्याचे काम एका अख्ख्या सरोवरात घडत होते. लायडनचाच एक अभ्यासगट १९७७ सालापासून टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वांझा येथे काम करीत होता. विषय होता सिक्लिड मासे. तिथले लोक त्यांना 'फुरु' म्हणतात. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडे पडले होते, असे तळाच्या गाळावरून दिसते. म्हणजे त्यातील फुरुंच्या सुमारे ५०० जाती तेवढ्या अल्प काळात वेगळ्या झाल्या. त्यांतील दोन इथे महत्त्वाच्या. १९८५ साली वर्णन झालेल्या एकीला टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचे नाव मिळाले. पुढे १९९८ साली या गटाला 'पुंडामिलिया' हे प्रजातीनाम देण्यात आले. स्वाहिलीत 'पुंडा मिलिया' म्हणजे झेब्रा; शब्दशः 'पट्ट्यांचे गाढव'. न्येरेरेई जातीच्या नराची पाठ लाल, तर दुसऱ्या जातीचा नर निळसर करडा. माद्या दोन्हींच्या फिकट, एकमेकींसारख्या.

नर खडकांत आपली जागा राखतो आणि मादी जवळ आली की आडवा होऊन अंग थरथरवतो. निवड मादीची, अंडी आणि पिल्ले तोंडात धरून वाढवण्याचे कष्टही तिचेच. ओले झेहाउझेन, याक फान आल्फेन आणि फ्रान्स विटे यांनी १९९७ साली 'सायन्स'मध्ये लिहिले, की पांढऱ्या उजेडात माद्या आपल्याच जातीचा नर निवडतात. रंगभेद पुसून टाकणाऱ्या एकरंगी प्रकाशात मात्र ही निवड उरत नाही. संकरातून झालेली संतती जननक्षम असते. म्हणजे या दोन जातींना वेगळे ठेवणारी भिंत मुख्यतः मादीच्या नजरेतच होती.

ती नजरही खोलीनुसार घडलेली आहे. या सरोवराच्या किंचित गढूळ पाण्यात निळा प्रकाश वरच्या थरातच विरतो आणि खाली जावे तसा उजेड पिवळा-तांबूस होत जातो. निळा नर उथळात राहतो, लाल त्याहून खोल. २००८ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात दोन्ही जातींच्या डोळ्यांतील रंगद्रव्यांची जनुकेही आपापल्या थरातील उजेडाला साजेशी निघाली.

व्हिक्टोरिया सरोवराच्या ऱ्हासाचा इतिहास सांगताना आपण सहसा एका खलनायकाचे नाव घेतो: १९५०च्या दशकात तिथे सोडलेला, २०० किलोपर्यंत वाढणारा नाइल पर्च. परका शिकारी मासा सोडण्याचा धोका मायकेल ग्रॅहम यांनी १९२९च्या अहवालातच सांगितला होता. १९८०च्या दशकात या माशाची संख्या बेसुमार वाढली आणि सुमारे २०० जाती दिसेनाशा झाल्या, असा अंदाज केला गेला. ही कथा खरी आहे, आणि सांगायला सोपीही. तिला आरोपी आहे, काळ आहे. गढूळपणाच्या कथेला यांपैकी काहीच नाही. काठची जंगले तुटली, शेतांतली माती आणि शहरांचे सांडपाणी आत आले, शैवाल माजले. पर्चचे मांस चरबीयुक्त, उन्हात नीट वाळत नाही; ते धुरावण्यासाठी आणखी झाडे तुटली. यांतला कोणताही दिवस इतिहासाने नोंदवावा असा नव्हता. मला हा दुसरा इतिहास अधिक अस्वस्थ करतो, कारण त्यात कुणी मेले असे म्हणता येत नाही. मासे पोहत राहतात, वीणही होते. फक्त पिढ्यांगणिक दोन जातींची एक होत जाते.

२००८च्या त्याच अभ्यासात दोन बेटांच्या नोंदी शेजारीशेजारी येतात. मोकळ्या सरोवराकडच्या माकोबे बेटापाशी पाणी तुलनेने स्वच्छ. तिथे लाल ते लाल आणि निळे ते निळे. म्वांझाच्या आखातात आत, गढूळ पाण्यातल्या लुआन्सो बेटापाशी निळ्यापासून तांबूसपर्यंतच्या सगळ्या छटांचे नर आढळले आणि जनुके तपासली तर ती एकाच मिसळलेल्या समूहाची निघाली. न्येरेरेंचे नाव त्यांतल्या कोणत्या माशाला द्यायचे, हे तिथे ठरवता येत नाही.