ग्रंथाची थेट वाट : ई-रीडरच्या इतिहासातील एक प्रकरण

ई-रीडरच्या इतिहासाचा विचार करताना पडद्याच्या गुणांकडेच बहुधा लक्ष दिले जाते. परंतु ग्रंथ वाचकाच्या यंत्रापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे; कारण ग्रंथाच्या स्वामित्वाचा प्रश्न त्या वाटेशीच निगडित आहे.

मायकेल हार्ट याने १९७१ साली अमेरिकेत ‘प्रोजेक्ट गटेनबर्ग’ आरंभिले, तेव्हा विद्युत्-ग्रंथाचे वसतिस्थान संगणक हेच होते. १९९८ साली तेथे दोन वाचनयंत्रे विक्रीस आली. पैकी ‘रॉकेट ईबुक’मध्ये ग्रंथ संगणकाद्वारे भरावा लागे. ‘सॉफ्टबुक’मध्ये मात्र मोडेम अंगचाच असल्याने दूरध्वनीच्या तारेवरून ग्रंथ थेट उतरविता येई. मध्यस्थ गेला, तार राहिली. २००६ सालच्या ‘सोनी रीडर’ला इलेक्ट्रॉनिक शाईचा पडदा लाभला होता, पण संगणकाची मध्यस्थी सुटली नव्हती.

१९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने ‘किंडल’ विक्रीस आणले. त्याने मध्यस्थ आणि तार या दोहोंचा लोप केला. स्प्रिंट कंपनीच्या मोबाइल जाळ्यावरून ग्रंथ सुमारे एका मिनिटात येई आणि त्यासाठी वाचकाला निराळे मासिक शुल्क पडत नसे. ग्रंथ हवासा वाटणे आणि तो हाती येणे यांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले.

मराठी ग्रंथांना या दुकानाचे दार उघडले ते डिसेंबर २०१६ मध्ये. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ सालापासूनच होती. तथापि पुष्कळ मराठी मजकूर त्यानंतरही निरनिराळ्या फाँटांच्या खासगी संकेतांत जुळविला जाई; तो दुसऱ्या यंत्रावर अर्थहीन चिन्हांचा ढीग होई. शिवाय ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लेखनात त्याच्या आधी काढली जाते. ही जुळणी यंत्राला साधल्यावाचून नुसती वाट खुली असून उपयोग नव्हता.

या वाटेचा दुसरा धर्म जुलै २००९ मध्ये प्रकट झाला. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, असे आढळताच ॲमेझॉनने त्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या व मूल्य परत केले. त्यांतील एक ‘१९८४’ होती! कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी पुढे क्षमा मागितली. परंतु ज्या वाटेने ग्रंथ येतो त्याच वाटेने तो परतही जाऊ शकतो, हे सिद्ध झाले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून घेतलेला ग्रंथ संगणकावर उतरवून तारेने किंडलवर नेण्याची सोयही कंपनीने बंद केली. जुनी, अडचणीची वाट वाचकाला निदान आपली प्रत स्वतःजवळ ठेवू देत होती.

तात्पर्य, ‘विकत घेणे’ हा शब्दप्रयोग येथे रूढ असला तरी त्याचा अर्थ पालटला आहे. कराराच्या भाषेत वाचकाला मिळतो तो वाचनाचा परवाना होय. सोय खरी आहे. तिचे मूल्य मोजताना हा अर्थभेद विसरता कामा नये.